सदतीस एकर पाणी

ट्वेट फार्म, उत्तर आयोवा
९ ऑगस्ट २००८

मार्लिस,

"जन्मभर जमिनीतून नुसतं काढून घेतलंस, केलंस काय?" असं तू मागच्या पत्रात विचारलंस. विचारलंसच, तर ऐक. ह्या दोन हातांनी केलेलं सांगतो.

मोडीत निघालेल्या मळणीयंत्राच्या सांगाड्यातून उभं केलेलं चर खणायचं यंत्र, एक. एकोणतीस वर्षं झाली, अजून चालतं. जमिनीत खुपसून पुरलेले नळ शोधायच्या सळया, चौदा; प्रत्येकीची मूठ अक्रोडाची. उतार बघायची दुर्बीण, मोडक्या बंदुकीवरची काच काढून बसवलेली. शंभर फुटांत पाव इंचाचा फरक दाखवते. स्वयंपाकघरातलं ओकचं टेबल, एकही खिळा न मारता. माझ्या बायकोची, आर्डिसची शवपेटी, त्याच ओकच्या उरलेल्या फळ्यांची. बिजागऱ्या मात्र विकतच्या लावल्या, त्याची बारा वर्षांनंतरही लाज वाटते. चर्चच्या तळघराच्या पायऱ्या, नऊ. आणि ह्या तालुक्यातल्या शेतांखाली निचऱ्याचे नळ, एकशे एकोणीस मैल. त्यांतल्या फुटाफुटाचा नकाशा माझ्याकडे आहे, शाईने काढलेला, प्रत्येक फाट्याचा उतार लिहिलेला. शाळा मी दहावीत सोडली. विद्यापीठातली पोरं आता ते नकाशे बघायला येतात आणि कॉफी पिऊन जातात.

तुझं घर गेलं ह्याचं मला वाईट वाटतं. पण जूनमध्ये आठवड्याभरात अकरा इंच पाऊस पडला. तो मी पाडला नाही.

वेंडलच्या छातीला बरं आहे का? कळव.

तुझा चुलत भाऊ,
लॉरेन


ओल्ड फेरी
२१ ऑगस्ट २००८

लॉरेन,

तुझी यादी वेंडलला मोठ्याने वाचून दाखवली. डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "एक वस्तू राहिली की त्याची." म्हटलं, कुठली? म्हणाला, "आपल्या दिवाणखान्यातलं पाच फूट चार इंच पाणी. तेही हातचंच काम आहे म्हणावं, यादीत घाल."

विनोद करतोय म्हणजे बरा असेल असं समजू नकोस. भिंतींना बुरशी आली होती, आम्ही दोघांनीच खरवडली, ती त्याच्या छातीत गेली. आता नाकाला ऑक्सिजनची नळी लावून बसतो. सरकारने दिलेला ट्रेलर आमच्याच घराच्या चौथऱ्याशेजारी उभा केलाय. दाराला चार लोखंडी पायऱ्या. त्या चढून आला की दहा मिनिटं बोलता येत नाही त्याला.

पाऊस तू पाडला नाहीस, कबूल. पण पूर्वी तुमच्याकडे वर पाऊस झाला की आमच्या नदीला यायला आठवडा लागायचा. सामान माळ्यावर टाकायचं, मावशीकडे जायचं, परत यायचं, एवढा वेळ असायचा. ह्या वेळी दोन दिवस. मधलं सगळं पाणी तुझ्या एकशे एकोणीस मैलांतून धावत आलं, कुठे थांबलं नाही, कुठे बसलं नाही. त्याला थांबायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत.

माझ्या बाबांचं तळं होतं. त्यांनी कधी त्यात नळ घातला नाही. सगळा तालुका हसायचा, आइनार ट्वेट मक्याऐवजी बदकं पिकवतो म्हणून. तुला ते विकलं ते ओल्या जमिनीच्या भावात, घरचाच माणूस म्हणून. तू पहिल्याच उन्हाळ्यात उपसून मोकळा झालास. आणि 'पहिल्या पाण्या'ला त्यांना बोलावलंस! बाबा आले, उभे राहिले, पण टोपी धरली नाही. ते आठवतं ना?

मार्लिस


ट्वेट फार्म
२ नोव्हेंबर २००८

मार्लिस,

आठवतं. काम संपलं की नळाच्या तोंडाशी जुन्या मालकाने टोपी धरायची, पहिलं पाणी तिच्यात घ्यायचं आणि नव्या मालकाच्या बुटांवर ओतायचं, हा आपल्याकडचा रिवाज. हसतात, कॉफी पितात, संपतं. एकशे एकोणीस मैलांत ज्याने टोपी धरली नाही असा माणूस एकच. आइनारकाका टोपी छातीशी धरून उभे होते, दफनाला राहतात तसे. पाणी आलं, त्यांनी पाहिलं आणि पाठ फिरवून चालत घरी गेले. माझ्याशी ते पुढे सात वर्षं बोलले, हवापाण्यावर बोलले, बेसबॉलवर बोलले. त्या तळ्यावर एक शब्द नाही.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला कारण मी गणित करत होतो. सदतीस एकर, सरासरी तीन फूट खोल. असली अकरा तळी मी बंद केली आहेत. त्या आठवड्यात त्यांनी किती पाणी अडवलं असतं, किती दिवस, हे मी तीन पद्धतींनी काढलं. तुझ्या दिवाणखान्यातलं सगळं पाणी माझं नाही. पण एक फूट दोन इंच माझं आहे. त्याहून जास्त मी मान्य करणार नाही.

दहा तळी लोकांच्या जमिनीत आहेत, त्यांवर माझा हक्क नाही. अकरावं माझं. मका निघाल्यावर गेल्या आठवड्यात मुख्य नळ साठ फूट उकरून काढला आणि ती जागा चिकणमातीने ठोकून भरली, सहा-सहा इंचांचे थर देत. वसंतात बर्फ वितळलं की तळं भरेल.

कॅफेत मला विचारतात, "लॉरेन, गळतंय ते नळ की डोकं?" मी म्हणतो, दोन्हींचा उतार मला माहीत आहे.

हे तुझ्यासाठी केलेलं नाही. माझंच गणित चुकीचं निघालं, म्हणून केलं.

लॉरेन


ट्वेट फार्म
१० मे २००९

मार्लिस,

ख्रिसमसच्या बटाट्याच्या पोळ्या, तुझी लेफ्सा, पोचल्या होत्या, आभार मानायचे राहिले. कडा जाड होत्या, पण चव तुझ्या आईची.

तळं भरलेलं नाही.

बर्फ भरपूर होतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन फूट पाणी साठलं, चौतीस बदकं उतरली. मग दररोज दीड इंच खाली. आता पोटरीएवढा चिखल आणि त्यात गेल्या सालची मक्याची ताटं. मी ठोकलेली माती उकरून पाहिली, कोरडी ठणठणीत, तिथून थेंब जात नाही. सगळे फाटे तपासले. माझ्या नकाशाप्रमाणे ह्या पाण्याला जायला रस्ताच नाही.

पाणी नकाशाबाहेरून जातंय. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

लॉरेन


ओल्ड फेरी
२४ मे २००९

लॉरेन,

हे पत्र मी तीनदा फाडलं. वेंडल म्हणाला, "लिही बाई एकदाचं, कागद संपेल."

तुझ्या नकाशात नाही कारण ते तू केलेलं नाहीस. बाबांनी केलंय.

१९५५ आणि ५६ चा उन्हाळा. मी आठ-नऊ वर्षांची. दुपारी डब्यातून कॉफी घेऊन जायचं काम माझं. बाबा छातीइतक्या खोल चरात उभे असायचे, एकटे, फावडं आणि भाजलेल्या मातीचे फूट-फूट लांबीचे नळ. ना माणूस लावला, ना यंत्र. तळ्याच्या पूर्व टोकापासून रस्त्याखालून पलीकडच्या ओढ्यापर्यंत. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणायचे, गुरांच्या पाण्याची सोय करतोय. मला म्हणाले, "हे आपलं गुपित हं, मार्लिस." मला केवढी ऐट वाटली होती.

एक उन्हाळा तळं आटलं. त्यांनी सोयाबीन पेरलं. दुसऱ्या वर्षी पाणी परत आलं, सोयाबीन उभ्याउभ्या कुजलं. कुठेतरी उतार चुकला होता. तुझ्यासारखी दुर्बीण नव्हती त्यांच्याकडे, डोळ्याच्या अंदाजाने खणलं होतं. दोन उन्हाळ्यांची पाठ मोडून काही मिळालं नाही. मग एका रविवारी चर्चमध्ये कुणीतरी विचारलं, "आइनार, तू कधी निचरा करणार?" आणि बाबा म्हणाले, "देवाने बदकांसाठी ठेवलंय, मी कोण?" पास्टरनी पुढच्या प्रवचनात ते वाक्य घेतलं. मग काय, बाबा जन्मभर बदकांचा माणूस होऊन बसले. त्यांच्या थडग्यावर बदक कोरलं ते मीच सांगून, तुला ठाऊक आहे.

तेव्हा टोपी का धरली नाही, ते आता तुला कळलं असेल. त्यांना तुझा राग आला नव्हता, लॉरेन. जे त्यांना दोन उन्हाळ्यांत जमलं नाही ते एकोणतीस वर्षांच्या पोराने नऊ दिवसांत केलं होतं. मला हे तेव्हाच माहीत होतं. सांगितलं नाही. तुला बोचत होतं ना, बोचू दे म्हटलं.

रस्त्याच्या पलीकडे जुनं ओकचं झाड आहे, निम्मं वाळलेलं, त्याच्या दक्षिणेला एक सपाट दगड. त्याखाली नळाचं तोंड आहे. तो दगड मीच त्यांना ढकलायला मदत केली होती.

प्रुइट नावाचे एक गृहस्थ इथे आले होते. तळी परत उभी करणाऱ्यांना शोधतात म्हणे, त्यांची कंपनी मदत करते. तुझं नाव दिलंय. सभ्य वाटले.

मार्लिस


ट्वेट फार्म
१९ जुलै २००९

मार्लिस,

दगड सापडला. ते झाड ओकचं नाही, एल्मचं आहे.

रेषा उकरली, सहाशे ऐंशी फूट. काम कसं आहे ते सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. नळांचे सांधे डांबरी कागदाने झाकतात, काकांनी खाद्याच्या पोत्यांच्या पट्ट्या लावल्या होत्या. त्या कुजून गेल्या, पण विणीचा ठसा नळांवर अजून आहे. पहिले चारशे फूट उतार इतका सारखा आहे की नुसत्या डोळ्याने मलाही साधला नसता. मग रस्ता येतो. रस्त्याखालून बोगदा करताना त्यांनी पाऊण इंच वर घेतलं. खडक लागला असेल किंवा हात थकला असेल. पाऊण इंच. तिथे गाळ बसला, नळ कोंदला, तळं परत भरलं. पुढे कधीतरी पाणउंदरांनी कोंदलेल्या जागेच्या बाजूने पोखरलं आणि पाणी पुन्हा वाहायला लागलं, गुपचूप. मी वर तळं आटवलेलं असल्यामुळे कुणाला कळायचं कारण नव्हतं.

आता माझं. १९७९ साली पूर्व टोकाला खणताना माझ्या चरात भाजलेल्या मातीचे तुकडे निघाले होते. मी ते हातात घेतले होते. जुन्या विहिरीचे असतील म्हणून फेकून दिले, नकाशात लिहिले नाहीत. का? कारण आइनार ट्वेटच्या जमिनीत नळ असूच शकत नाही, हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. सळई खुपसून बघायच्या ऐवजी मी थडग्यावरच्या बदकावर विश्वास ठेवला. अर्थात ते बदक तेव्हा कोरलं गेलं नव्हतं, पण तुला कळलं मला काय म्हणायचंय.

नळ काढले, माती ठोकली. एक नळ ठेवलाय. त्यावर ओल्या मातीत उमटलेला कुणा कामगाराचा अंगठा आहे. तुला हवा असेल तर पाठवतो.

तू मला तीस वर्षं बोचू दिलंस. मी हिशेब मांडत नाही. नोंद करून ठेवतो.

लॉरेन


ट्वेट फार्म
४ एप्रिल २०१०

मार्लिस,

भरलं. काठोकाठ, सदतीस एकर, आणि गेले तीन आठवडे पाणी पाव इंचही हललेलं नाही. काल सकाळी दोनशे चौदा बदकं मोजली, सहा जातींची. दोन करकोचे. पाणकणसाचं बी तीस वर्षं मातीत झोपलं होतं म्हणे. गेल्या ऑगस्टमध्येच कोंब आले होते, आता काठावर हातभर उंच. हे मी केलेलं नाही. मी फक्त वाटेतून बाजूला झालो. तरी सांगतो, इतकं चांगलं काम माझ्या हातून दुसरं झालं नाही.

ते प्रुइट आले होते. पोटरीपर्यंत बूट घालून सगळा काठ फिरले, मातीचे नमुने काढले, फारच खूश. मग टेबलाशी बसून कागद काढला.

मला वाटलं होतं सरकारी मदत असेल. तसं नाही. कायदा असा, की एका जागची दलदल बुजवून बांधकाम करायचं असेल, तर त्याच नदीच्या खोऱ्यात दुसरीकडे तेवढी दलदल परत झालेली दाखवायची. स्वतः करायला नको. ज्याने केली त्याच्याकडून ते पुण्य विकत घ्यायचं. माझं तळं मला राहणार, बदकं राहणार. फक्त कागदावर ते दुसऱ्या कुठल्यातरी दलदलीचा मोबदला होणार.

मी विचारलं, कुठल्या? म्हणाले, "त्याची तुम्हाला काळजी नको." म्हटलं, मी तळ्याचा तळ बघितल्याशिवाय नळ टाकत नाही. तेव्हा त्यांनी नकाशा काढला.

ओल्ड फेरी. नदीच्या वळणावरची दलदल, तुझ्या गल्लीच्या मागची. भर घालून चार फूट उंच करायची आणि वर मोठं गोदाम.

तुला हे माहीत होतं का?

लॉरेन


ओल्ड फेरी
११ एप्रिल २०१०

लॉरेन,

हो.

पहिल्या दिवसापासून. त्यांना गोदामाच्या रस्त्यासाठी आमच्या गल्लीतले सात प्लॉट लागतात. पूर आल्यापासून ह्या प्लॉटना कुणी हात लावत नाही, फुकट दिले तरी घेत नाहीत. प्रुइट म्हणाले, मोबदल्याची दलदल मिळाली तरच काम पुढे जाईल. आणि काम पुढे गेलं तरच ते आमचे प्लॉट घेतील, पुराआधीच्या भावात. मी विचारलं, कसली दलदल लागते? त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, माझा एक भाऊ आहे.

आता तुला कळलं बाबांचं गुपित मी का सांगितलं. चौपन्न वर्षं तोंड मिटून बसले होते ना मी? तुझं तळं भरायला हवं होतं. न भरलेल्या तळ्याला कोण विचारतं? मी माझ्या बापाला विकलं, लॉरेन, सपाट दगडाखालून उकरून काढून. तेव्हा मला आता पुण्याचं काही शिकवू नकोस.

इस्पितळाशेजारी तळमजल्यावर दोन खोल्या बघून ठेवल्यात. पायऱ्या नाहीत. वेंडल खिडकीत बसून तुझ्या यादीची चेष्टा करत राहील, एवढंच मागते. ह्या ट्रेलरच्या चार पायऱ्या त्याला महिन्यापासून उतरता येत नाहीत. मी त्याला बाहेर काढते ते कपड्याचं बोचकं काढावं तसं.

सही कर. तुझी बदकं कुठे जात नाहीत. तुझं एक बोट जात नाही. तुझ्या हातचं काम मोडा असं तर कुणी म्हणत नाहीये.

मार्लिस


ट्वेट फार्म
१ मे २०१०

मार्लिस,

काल प्रुइटना नाही सांगितलं.

ऐकून घे. मी गेल्या गुरुवारी तुमच्याकडे येऊन मोजणी केली. नदी गावात शिरते तिथे तिला फुगायला ती दलदल ही एकच परात उरली आहे. ती चार फूट भरली, की पुढच्या पुरात तेच पाणी समोरच्या काठावर गिरणी गल्लीत चढणार. तिथे आज बेचाळीस घरं आहेत, २००८ ला त्यांच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं, आत शिरलं नव्हतं. माझं तळं नव्वद मैल वर आहे. ते माझ्या शेतावरचा पाऊस धरेल. तुमच्या वळणावरचं पाणी ते कसं धरणार? कागदावर दोन्ही सदतीस एकर आहेत म्हणून? पाण्याला कागद वाचता येत नाही. मी तीस वर्षं लोकांना सांगत होतो, पाणी शेतातून गेलं की गेलं. कुठे गेलं ते बघितलं नाही. आता बघितल्यावर त्याच कामाखाली सही करायची, तीही ह्या तळ्याच्या नावाने?

तुम्ही दोघं इकडे या. आर्डिसची खोली रिकामी आहे, पूर्वेची खिडकी आहे. दाराला उतरण बांधतो, फुटाला एक इंच उतार, त्याची चाकांची खुर्ची एका हाताने जाईल. लाकूड आणून ठेवलंय.

लॉरेन


ओल्ड फेरी
१२ डिसेंबर २०१०

लॉरेन,

तू एप्रिलच्या शेवटी गावात आला होतास, नाही का? बेचाळीस घरं मोजलीस. त्रेचाळिसावं दार वाजवलं नाहीस. शेजारच्या मिसेस ग्रोथने तुला पुलावर दुर्बीण लावून उभं पाहिलं. मला म्हणाली, "तुझा भाऊ आला होता वाटतं?" मी म्हटलं, नाही, तो काम करायला आला होता.

उतरण बांधतो म्हणे. तुमच्याकडून इस्पितळ सत्तर मैल. वेंडलने बदकांकडे बघत गुदमरायचं का?

तुझ्या माहितीसाठी: त्यांनी ऑक्टोबरमध्ये मोबदला घेतला, पश्चिमेकडच्या कुणा माणसाकडून. त्याने विचारलं नाही कुठली दलदल. सोमवारपासून ट्रक येताहेत, रोज साठ-साठ. सहा महिने उशीर झाला म्हणून रस्त्याची आखणी बदलली, तो आता उत्तरेकडून जातो. आमचे प्लॉट लागत नाहीत. तुझ्या 'नाही'मुळे दलदल वाचली नाही. आमच्या प्लॉटची विक्री, एवढी एकच गोष्ट त्याने अडवली.

वेंडलला माजी सैनिकांच्या आश्रमात ठेवलंय, तीन तासांवर. रविवारी जाते. गेल्या रविवारी विचारत होता, "लॉरेनच्या यादीत नवीन काय?"

तुमच्या चर्चच्या तळघरात, तुझ्याच पायऱ्या उतरून, लोक कॉफी पिताना सांगतात म्हणे, की लॉरेन ट्वेटने बदकांसाठी अर्धा मिलियन डॉलर लाथाडले. बदकांचा माणूस. थडग्यावर आता दोन बदकं लागतील. मला कधी कळलंही नाही माझ्या प्लॉटचे ते काय देणार होते. प्रुइट नुसतं "बघू, बघू" म्हणायचे. आता कळून तरी काय करायचंय?

लिहू नकोस.

मार्लिस


ट्वेट फार्म
२० मार्च २०११

मार्लिस,

लिहू नकोस म्हणालीस. लिहितोय, कारण आकडा चुकलाय आणि तो चुकीचा फिरतोय.

पहिली गोष्ट, बदकांसाठी नाही. ते मी तळघरात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. काकांचे नळही सांगितले. पास्टरना आवडलं नाही. तुला विचारलं नाही, ते चुकलं असेल. पण त्यांनी पहिले चारशे फूट कसे टाकले होते ते कुणाला तरी कळायला हवं होतं.

दुसरी, गेल्या आठवड्यात मी पुन्हा तुमच्याकडे आलो. भर चार फूट नाही, चार फूट सात इंच आहे. गिरणी गल्लीतल्या बेचाळीस दारांवर मी कागद लावून आलो, पाणी कुठवर येईल त्याची खूण करून. सहा जणांनी माझ्यादेखत फाडले. तुझ्या ट्रेलरलाही गेलो. दार वाजवलं. रविवार होता.

उतरण बांधून झाली आहे. कुणी वापरत नाही. बर्फात मांजर वापरते.

आता आकडा. तू म्हणतेस तुला कधी कळलं नाही, म्हणून लिहितो. ३० एप्रिल २०१०, सकाळी सव्वादहा, ओकच्या टेबलाशी. सदतीस एकर, कायमचा हक्क, एकरी दहा हजार पाचशेप्रमाणे तीन लाख अठ्ठ्याऐंशी हजार पाचशे डॉलर. मी नाही म्हटलं. तेव्हा प्रुइटनी पिशवीतून दुसरा कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. त्यावर एकच ओळ होती: मार्लिस आणि वेंडल यांचा प्लॉट, एकसष्ट हजार, माझ्या सहीवर अवलंबून. ती ओळ मी वाचली. चष्मा लावून, दोनदा. मग पुन्हा नाही म्हटलं.

दोन्ही मिळून चार लाख एकोणपन्नास हजार पाचशे. अर्धा मिलियन नाही.

लॉरेन